जोखीम म्हणजे दोष नव्हे

मोबाईलवरून होणाऱ्या छळाची तक्रार घेऊन मुलगी येते. तिचा फोटो फिरवला गेलेला असतो, तिच्या नावाने खोटे खाते उघडलेले असते, रात्री-अपरात्री घाणेरडे मेसेज येत असतात. तिला विचारले जाणारे प्रश्न मात्र ठरलेले: फोटो काढू का दिलास? त्या रात्री प्यायली होतीस का?

आता या प्रश्नांना संशोधनाचा आधारही दिला जातो. उतावळा स्वभाव, चटकन मनाला लावून घेणे, आत्मविश्वास कमी असणे, दारू वा अन्य नशा यांचा ऑनलाइन छळ सोसावा लागण्याशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. पण यातले बरेचसे अभ्यास एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलींवर उभे आहेत. आधी काय घडले आणि नंतर काय, हे त्यांतून कळत नाही. छळाने झोप उडते, मन धास्तावते, विसर पडावा म्हणून कुणी गोळ्या किंवा दारू जवळ करते. ज्याला कारण म्हटले जाते, तो परिणामही असू शकतो.

आणि कारण असले तरी? जोखीम कळली, तर मदत कुठे लवकर पोचवायची ते कळते. छळणाऱ्याचा गुन्हा त्यामुळे तसूभरही हलका होत नाही.

बाईच्या चारित्र्याची झडती आपल्याला नवी नाही. १९७२ च्या मथुरा प्रकरणात सत्र न्यायालयाने तिलाच ‘शरीरसंबंधाची सवय असलेली’ ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. बलात्काराच्या खटल्यात बाईचे ‘अनैतिक चारित्र्य’ मांडू देणारी पुरावा कायद्यातली तरतूद जायला २००३ साल उजाडले. तीच झडती आता ‘स्वभाव’ आणि ‘व्यसन’ या शब्दांआडून परत येऊ द्यायची नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता इथे आपल्या बाजूची आहे. नशेमुळे परिणाम समजत नसताना दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे कलम २८ सांगते. खासगी क्षणाचे चित्र काढायला बाईची संमती असली, तरी ते पसरवायला नसेल, तर पसरवणे हा कलम ७७ खाली गुन्हा आहे. नको म्हटल्यावरही संपर्क साधत राहणे, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे, हे कलम ७८ मध्ये येते.

म्हणून प्रत्येक केंद्रात क्रम ठरवून घेऊ या. आधी तिची सुरक्षितता. मग पुरावा: मेसेज पुसू न देता स्क्रीनशॉट, तारीख, खात्याचा पत्ता जपणे. मग तिची इच्छा असेल तर तक्रार. व्यसनमुक्तीची मदत हवी असल्यास तीही द्यावी, पण तक्रार नोंदवण्याची अट म्हणून नव्हे. प्यायलेल्या बाईलाही न्याय मागण्याचा पूर्ण हक्क आहे, हे आधी आपण ठामपणे म्हणू. मग पोलीस चौकीत म्हणायला लावू.