सीमा पुसल्या, मर्यादा उरल्या

जर्मनीतील केल आणि फ्रान्समधील स्ट्रासबर्ग या दोन शहरांमध्ये केवळ ऱ्हाइन नदीचे अंतर आहे. २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम नदी ओलांडून केलपर्यंत येते. नोकरीनिमित्त केल येथे स्थायिक झालेला एखादा भारतीय अभियंता शनिवारी सकाळी या ट्रामने पलीकडच्या बाजारात जातो आणि सायंकाळी घरी परततो. परदेशगमन घडले, याची जाणीवही त्याला होत नाही. कायद्याच्या हिशेबात मात्र त्याच्या नावे एक दिवस खर्ची पडलेला असतो.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी, मोझेल नदीतील एका बोटीवर, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या पाच देशांनी आपसांतील सीमातपासणी उठवण्याचा करार केला. प्रत्यक्षात तो २६ मार्च १९९५ पासून अमलात आला. २०२३ मध्ये क्रोएशिया आणि जानेवारी २०२५ पासून संपूर्णपणे बल्गेरिया व रोमानिया त्यात आल्यावर या परिवारातील देशांची संख्या २९ झाली. फाटके गेली, चौक्या ओस पडल्या. परंतु सीमा दिसत नाही म्हणून मर्यादाही नाही, असा समज करून घेणे महागात पडू शकते.

शेंगेन क्षेत्रातील एका देशाचा निवास परवाना असलेल्या भारतीयास अन्य शेंगेन देशांत वेगळ्या व्हिसाविना जाता येते. मात्र कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत अशा सर्व देशांतील मुक्काम मिळून ९० दिवसांहून अधिक होता कामा नये. परवाना देणाऱ्या देशातील वास्तव्य यात धरले जात नाही. जाण्याचा दिवस आणि परतण्याचा दिवस, दोन्ही पूर्ण दिवस म्हणून मोजले जातात. केल येथील त्या अभियंत्याने दर शनिवार-रविवार स्ट्रासबर्गला घालवला, तर १८० दिवसांत सुमारे ५० दिवस तेथेच संपतात. इटली वा स्पेनची सहल उरलेल्या चाळीसेक दिवसांत बसवावी लागते. शिवाय ही सवलत भेटीची आहे, नोकरीची नव्हे. शेजारच्या देशात जाऊन काम पत्करायचे, तर त्या देशाची स्वतंत्र अनुमती लागते.

या हिशेबाची तुलना पासबुकाशी करता येईल. खात्यात ९० दिवस जमा आहेत. वापरलेला प्रत्येक दिवस वजा होतो आणि १८० दिवसांच्या चौकटीबाहेर गेला की पुन्हा जमा होतो. ही चौकट जानेवारीत वा जुलैत नव्याने सुरू होत नाही, ती रोज एक दिवस पुढे सरकते.

हाच हिशेब मुलांना भेटण्यासाठी व्हिसा घेऊन जाणाऱ्या आईवडिलांनाही लागू आहे, आणि त्यांना तर शेंगेनमधील प्रत्येक दिवस मोजावा लागतो. कन्येच्या बाळंतपणासाठी इंदूरहून वा बडोद्याहून म्युनिकला जाणाऱ्या मातेचे उदाहरण घेऊ. ती १ एप्रिलला पोहोचली, तर २९ जून हा तिचा नव्वदावा दिवस. त्या दिवशी निघाल्यास तिला २८ सप्टेंबरपूर्वी परत जाता येणार नाही. ‘तीन महिने’ म्हणजे ९० दिवस हा समजही फसवा आहे. १ जुलै ते ३० सप्टेंबर हे दिवस ९२ भरतात. मध्यंतरी स्वित्झर्लंडला जाऊन आल्याने मोजणी थांबत नाही, कारण तोही शेंगेन देश आहे. पूर्वी काहीजण क्रोएशियात दिवस काढून येण्याचा सल्ला देत असत. २०२३ नंतर तो सल्ला निरर्थक झाला आहे.

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी व्हिसाचे धोरण उदार केले. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून त्यांचा नियमानुसार वापर करणाऱ्यास दोन वर्षांचा, आणि त्यानंतर सामान्यतः पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. तथापि पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षांचा मुक्काम नव्हे. दारातून कितीदा आत यावे, याची मुभा वाढली आहे. आत किती दिवस राहावे, याची मर्यादा होती तशीच आहे.

या मर्यादेवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. ज्याने दहा वर्षे म्युनिकमध्ये कर भरला, त्याने दोन तासांवरील साल्झबर्गमध्ये पाहुणा का ठरावे? आक्षेपात भावना खरी आहे, परंतु तो पूर्णतः न्याय्य नाही. युरोपीय संघाच्या नागरिकालाही दुसऱ्या सदस्य देशात विनाअट राहण्याचा हक्क केवळ तीन महिन्यांचा आहे. पुढे राहायचे तर नोकरी, शिक्षण वा पुरेसे उत्पन्न दाखवावे लागते. निवास परवाना देणारा देश त्या व्यक्तीच्या वास्तव्याची जबाबदारी घेतो. शेजारी देशाने केवळ पाहुणचाराचे वचन दिलेले असते. ज्याला शेजारीच स्थायिक व्हायचे आहे, त्याच्यासाठी मार्ग बंद नाहीत. उदाहरणार्थ, ब्लू कार्डधारकास पहिल्या देशात बारा महिने झाल्यावर संघाच्या बहुतेक देशांत स्थलांतरासाठी सुलभ तरतूद आहे.

खरी उणीव नियमात नसून त्याच्या माहितीत आहे. व्हिसावर छापलेली अंतिम तारीख ठळक दिसते, मुक्कामाच्या दिवसांचा आकडा नजरेतून सुटतो. व्हिसा देणाऱ्या कार्यालयांनी हा फरक अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला, तर अनेक कुटुंबांचा मनस्ताप टळेल. चुकीची किंमत लहान नाही. दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी येऊ शकते आणि पुढील प्रत्येक अर्जावर त्या चुकीची छाया पडते.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर अल्पकालीन प्रवाशांचे आगमन व निर्गमन चेहरा आणि बोटांच्या ठशांसह संगणकात नोंदवण्यास प्रारंभ झाला. पुसट शिक्क्यांचा आधार त्यामुळे संपत चालला आहे. निवास परवानाधारक या नोंदणीतून वगळलेले आहेत. त्यांचा हिशेब त्यांनीच ठेवायचा आहे. तिकिटे, हॉटेलची बिले आणि कार्डावरील खर्चाचा बँकेकडील तपशील हेच प्रसंगी त्यांचे पुरावे ठरतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सर्व भू-सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली, हे ध्यानी घेता शेजारच्या गावी जातानाही पासपोर्ट व परवाना जवळ असणे शहाणपणाचे आहे. आजारपणासारख्या गंभीर कारणाने मुक्काम लांबणार असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच स्थानिक अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा, नंतर नव्हे.

खुल्या सीमा हा विश्वासाचा व्यवहार आहे. पाहरेकरी दूर झाला, तेव्हा मोजणीचे काम त्याने प्रवाशाच्या हाती सोपवले. पैशाचा जमाखर्च जो चोख ठेवतो, त्याला दिवसांचा जमाखर्च अवघड नाही. भिंतीवरील दिनदर्शिकेवर प्रत्येक दिवसाची एक खूण करावी, एवढेच पुरेसे आहे.