‘टक’ आणि ‘खट’

जुनी गाडी सुरू होत नसली की तिच्याभोवती चार माणसं जमतात आणि पाच मतं पडतात. बॅटरी गेली. सेल्फ गेला. चावीत लूज आहे. अर्थिंग नाही. पाचवं मत "विका आता" हे असतं, आणि ते नेहमी घरातलंच कुणीतरी देतं. माझं म्हणणं असं की मंडळी, आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या बिघाडाने मरत नाहीत, या पाचव्या मताने मरतात. आणि ते मत पडायची वेळ येते याला मेकॅनिकपेक्षा आपण गिऱ्हाईक जास्त जबाबदार आहोत.

आमच्याकडे १९९६ ची मारुती ८०० आहे. कार्ब्युरेटरवाली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. बाबांचा तिचा मुख्य उपयोग म्हणजे गुलमंडी. किराणा तिकडचाच, औरंगपुऱ्यात एक चक्कर, सुपारी हनुमानाला नमस्कार, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी अर्धा तास गप्पा. गेल्या उन्हाळ्यात गाडीने एक नवीन खोड काढली. सकाळी घरून एका झटक्यात सुरू. गुलमंडीपर्यंत रांगत गेली, दहा मिनिटं बंद ठेवली, परत चावी फिरवली की नुसतं ‘टक’. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या रस्त्यावर गाडी अडणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मागे हॉर्न, बाजूने स्कूटर, आणि सत्कार्याला उत्सुक अशी धक्का मारणारी सहा पोरं.

असं तीनदा झाल्यावर बाबांनी गाडी तिकडे नेणं बंद केलं. "रिक्षाने जाईन" म्हणाले, आणि गेलेच नाहीत. फोनवर आईने हे सांगितलं तेव्हा मला प्रकरण गाडीपुरतं राहिलेलं नाही हे कळलं.

दरम्यान दुरुस्ती चालूच होती. आधी बॅटरी नवी. मग सेल्फ उघडून कार्बन ब्रश नवे. मग चावीचा स्विच. नऊ-साडेनऊ हजार गेले. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये थंड गाडी मस्त सुरू व्हायची, चार दिवसांनी परत ‘टक’. आमच्या धंद्यात ज्याला ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणतात, तोच प्रकार. त्यात २०२६ मध्ये रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी केंद्राने ती फी १०,००० रुपये केली आहे, पर्यावरण कर वेगळा. मग पाचवं मत पडलंच. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची गोष्ट निराळी होती. शेवटच्या टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची, वीस वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती गेली. तिथे नियमच होता. आमच्या गाडीला तसा नियम लागू नाही. फिट असेल तर ती चालू शकते. तिला घालवणार होता तो एक ‘टक’.

आता या टकची भानगड समजून घेऊ. सेल्फची मोटर शंभराच्या वर अँपिअर खाते. एवढा करंट चावीतून नेता येत नाही, म्हणून मोटरच्या डोक्यावर सोलेनॉइड बसवलेला असतो. तो ओढला गेला की जाड केबलमधून मोटरला करंट मिळतो. पण सोलेनॉइडलाही ओढून घ्यायच्या त्या क्षणी भरपूर करंट लागतो, आणि पंचवीस-तीस वर्षं जुनी चावी, जुने कनेक्टर, जुनी वायर यांना तो झेपत नाही. त्यावर इलेक्ट्रिशियन लोकांचा सर्वमान्य उपाय म्हणजे मध्ये एक रिले टाकायचा. चावीने फक्त रिलेची कॉइल चालवायची, दीडशे-दोनशे मिलिअँपिअरवर, आणि सोलेनॉइडला करंट बॅटरीवरून थेट रिलेमार्फत द्यायचा. आमच्या गाडीतही असा रिले कुणीतरी कधीतरी बसवला होता. कुणी, कधी, कुठला, काही नोंद नाही. थोडक्यात, कॉमेंट न लिहिता प्रॉडक्शनमध्ये टाकलेला पॅच!

गंमत अशी की तिन्ही दुरुस्त्यांच्या वेळी रिलेवर संशय घेतला गेला होता आणि त्याला सोडूनही देण्यात आलं होतं. का? तर "रिले वाजतोय ना, मग चांगलाय." इथेच घोळ आहे. रिलेवर ८५ आणि ८६ लिहिलेली दोन टोकं कॉइलची, ३० आणि ८७ ही कॉन्टॅक्टची. ‘टक’ आवाज एवढंच सांगतो की कॉइलने पत्रा खेचला. त्या पत्र्यातून पुढे करंट गेला का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ऑफिसात "नोटेड" असा मेल येतो, तसाच. सोलेनॉइडचा आवाज वेगळा, जड ‘खट’. आमच्याकडे टक होता, खट नव्हता. हे ऐकू सगळ्यांना येत होतं.

शेवटी एका शनिवारी मी पुण्याहून मल्टिमीटर घेऊन आलो आणि एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांना गाठलं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडी तापवली. अर्धा तास फिरवून आणली, भर दुपारी. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिनशेजारी तापमान पन्नास अंशांनी चढलं तर वाइंडिंगचा रेझिस्टन्स वीस टक्के वाढला. सकाळी जे कसंबसं निभावतं ते दुपारी निभत नाही, यात भुताटकी काही नाही.

मग मोजमाप. नुसती उभी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, पण त्यावरून फार काही कळत नाही. आपल्या शहरात पाण्याच्या प्रेशरबद्दल कुणाला शिकवावं लागत नाही. सगळे नळ बंद असताना पाइप भरलेलाच वाटतो, नळ सोडला की खरं कळतं. म्हणून चावी फिरवलेली असताना मोजायचं. मी चावी धरून बसलो (गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला), चाचा मीटर लावत गेले. बॅटरीवर १२.३. सोलेनॉइडच्या टोकावर ८.१. म्हणजे मध्ये कुठेतरी ४.२ व्होल्ट गळत होते. रिलेच्या ३० आणि ८७ वर आडवा मीटर लावला. चांगल्या कॉन्टॅक्टवर इथे जवळपास शून्य यायला हवं. आले ३.४. उरलेले ०.८ त्या बारीक वायरने खाल्ले होते. रिलेचं टोपण काढलं, कॉन्टॅक्ट काळेठिक्कर. "आवाज तो देता है, काम नहीं करता," चाचा म्हणाले. माझ्या एका जुन्या मॅनेजरची आठवण आली. असो.

रिलेचं आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं नातं तसं जुनं. हार्वर्डच्या मार्क टू संगणकात ९ सप्टेंबर १९४७ ला सापडलेला तो प्रसिद्ध पतंग रिलेतच अडकला होता, ७० नंबरच्या. ‘बग’ हा शब्द त्याच्या आधीपासून होता. मला त्या गोष्टीत आवडतं ते हे की त्या लोकांनी रिले कितवा तेही टिपलं आणि पतंग वहीत चिकटवून ठेवला. त्यांनी सरसकट रिले बदलले असते तर पतंग कचऱ्यात गेला असता.

कुणी म्हणेल, दीड-दोनशे रुपयांचा रिले, सरळ बदलून पाहायचा ना! बदलला असता तर गाडी सुरू झालीही असती. पण तो जळला होता बारीक रेटिंगचा म्हणून. तसलाच दुसरा टाकला असता तर काही महिन्यांनी पुन्हा गुलमंडी, पुन्हा सहा पोरं. आता ४० अँपिअरचा रिले, जाड वायर आणि मध्ये फ्यूज आहे. तोच मीटर आता आडवा लावला की ०.१ दाखवतो.

बिल सांगताना चाचांनी रिले, वायर, फ्यूज यांचे पैसे सांगितले. मजुरी? "दे दो जो देना है." मी पाचशेची नोट दिली तर दोनशे परत द्यायला लागले. "सिर्फ देखा तो है, साहब."

या वाक्यावर माझा खरा राग आहे, चाचांवर नव्हे. हे वाक्य त्यांच्या तोंडी आपण घातलंय. आम्ही आयटीवाले एका बगमागे तीन दिवस घालवतो, शेवटी एक ओळ बदलतो आणि क्लायंटला तिन्ही दिवसांचं बिल लावतो. तेच आपण गॅरेजमध्ये "काय केलंस रे, नुसतं बघितलंस तर" म्हणून पन्नास रुपये टेकवतो. बघण्याचे पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर माणूस बॅटरीच विकणार! तिच्यात चार पैसे सुटतात, आणि नवी वस्तू हातात आली की गिऱ्हाईकही कुरकुरत नाही. आमच्या आधीच्या नऊ हजारांत फसवणूक नव्हती. शोधायला वेळ देण्याइतकं कुणी कुणाला देत नव्हतं, एवढंच.

म्हणून हल्ली बॉनेट उघडायच्या आधीच मी विचारतो, "तपासायचे किती घेणार? काही बदलायचं नसलं तरी देईन." बहुतेक जण गोंधळून बघतात. दोघांनी चहा मागवला. एकाने आकडा सांगितला, चारशे, आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला उलट प्रश्न विचारला की गाडी गार असताना होतं का गरम असताना.