सत्काराआधी सुट्टी द्या

इंजिनीअरिंगला असताना मी संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचो. तरी शेवटच्या वर्षी वर्गात पहिला आलो. मोहल्ल्यात सत्कार झाला, शाल मिळाली, ‘जिद्द’ हा शब्द चारदा ऐकला. जिद्द माझ्या दोस्तातही होती. पण त्याचं कॅटरिंगचं काम दिवसाचं. हजेरी 75 टक्क्यांखाली गेली आणि त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. मला मात्र दुकानवाल्या चाचांनी परीक्षेआधी तीन आठवडे पगारी सुट्टी दिली होती. फरक एवढाच! कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ नुसतं सांगितलं नाही, शिक्षण सांभाळून करता येईल असं कामही दिलं. तुमच्या अब्बांच्या, मामूंच्या दुकानात एखादा कॉलेजचा मुलगा असेलच. त्याची परीक्षा कधी आहे, आजच विचारा.