समुद्रापासून तोडलेले देश

यंदाचा दिवाळी अंक आम्ही आफ्रिका खंडाला वाहिला आहे. या खंडाच्या गरिबीची चर्चा निघाली की दोन उत्तरे तयार असतात. एक भूगोलाचे: वाळवंट, हिवताप, धबधब्यांनी अडवलेल्या नद्या. दुसरे इतिहासाचे: गुलामांचा व्यापार, वसाहती, लूट. विद्वानांतही असेच दोन तट आहेत. जेफ्री सॅक्स हवामान, रोगराई आणि समुद्रापासूनच्या अंतरावर भर देतात. २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन वसाहतींनी रुजवलेल्या संस्थांकडे बोट दाखवतात. आमच्या मते ही उत्तरे एकमेकांपासून तोडण्यातच चूक होते. आफ्रिकेत ज्याला आपण भूगोल म्हणतो त्यातला बराच भाग इतिहासाने घडवला आहे, आणि जो खरोखर निसर्गाचा आहे तो कुणाला तारणार, कुणाला मारणार हेही इतिहासानेच ठरवले आहे.

समुद्रकिनारा नसण्याचेच पाहा. आफ्रिकेतल्या ५४ देशांपैकी १६ देश भूवेष्टित आहेत. त्यांच्या मालाच्या प्रत्येक पोत्याला शेजाऱ्याचे बंदर, शेजाऱ्याचा रस्ता आणि सीमेवरचे नाके पार करावे लागते. बराचसा नफा वाटेतच संपतो. पण या देशांना समुद्रापासून तोडले ते नकाशावरच्या रेघांनी. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात बर्लिनमध्ये १४ सत्तांचे प्रतिनिधी बसले; त्यांत आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. सगळ्या सीमा तिथेच आखल्या गेल्या असे नाही, पण ताबा सांगण्याचे नियम तिथे ठरले आणि पुढच्या तीसेक वर्षांत जवळजवळ सारा खंड वाटला गेला. गांबिया नदीची कथा तर मन विषण्ण करणारी आहे. पश्चिम आफ्रिकेत जहाजे आतवर नेता येतील अशा मोजक्या नद्यांपैकी ही एक. ब्रिटिशांनी नदी आणि तिच्या काठांची चिंचोळी पट्टी घेतली, भोवतालचा सेनेगल फ्रेंचांकडे गेला, आणि जो मुलूख या नदीने समुद्राशी जोडला जायचा त्याच्यात आणि नदीत सरहद्द उभी राहिली. स्वतंत्र झालेल्या देशांनी १९६४ साली कैरोत याच सीमा कायम ठेवल्या, कारण त्या उकरल्या तर शेजाऱ्याशेजाऱ्यांत युद्धे पेटतील ही भीती खरी होती.

निसर्गाची म्हणून जी अडचण हमखास सांगितली जाते ती त्सेत्से माशीची. ही माशी चावली की गुरे आणि घोडे नागाना रोगाने मरतात, माणसाला निद्रारोग होतो. जिथे बैल जगत नाही तिथे नांगर नाही, गाडी नाही, शेणखत नाही. ओझे माणसाच्या डोक्यावरूनच जाते. बैलावर शेती उभ्या राहिलेल्या आपल्या मुलखाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. पण माशीचा मुलूख कायमचा ठरलेला नव्हता. पूर्व आफ्रिकेतले पशुपालक गुरे चारून आणि झुडपे जाळून तिला दूर ठेवत. १८८० च्या दशकाच्या अखेरीस इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडी ही गुरांची साथ एरिट्रियात उतरली, असे बहुतेक इतिहासकार मानतात. दहाएक वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. अनेक भागांत दहातली आठ-नऊ गुरे मेली, इथिओपियात भीषण दुष्काळ पडला. ओस पडलेल्या कुरणांवर झुडपे माजली, झुडपांत माशी आली. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी निद्रारोगाने दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. माणसे मेली, उरलेल्यांना सरकारने उठवले, आणि नंतर येणाऱ्याला तेच रान अनादी काळापासून निर्मनुष्य असल्यासारखे दिसू लागले.

याच्या उलट दाखला डोंगरांचा. खडबडीत, दुर्गम प्रदेश जगात इतरत्र सहसा गरीब असतो. नेथन नन आणि दिएगो पुगा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले की आफ्रिकेत हे गणित फिरते: तिथे डोंगराळ देश तुलनेने बरे आहेत, कारण गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून लपायला तिथे जागा होती. एकट्या अटलांटिकच्या वाटेने सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. सहारा आणि हिंदी महासागराच्या वाटेने नेलेली वेगळी. त्या दुसऱ्या वाटेवरचा एक माणूस आपल्या इतिहासात आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कारभार त्याने हाती घेतला, खडकी वसवली, तिला नहरीचे पाणी दिले, जमीन महसुलाची घडी बसवली. अशी किती माणसे त्या खंडातून गेली याचा विचार केला म्हणजे सव्वा कोटी हा आकडा निव्वळ मजुरांचा राहत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला: स्वातंत्र्याला साठ वर्षे होऊन गेली, आता तरी वसाहतवाद्यांना दोष देणे थांबवावे. काँगोत १९६५ ते १९९७ हुकूमशहा मोबुटूने देश लुटला, त्याचे खापर बेल्जियमवर फोडून भागणार नाही. मात्र ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला तेव्हा त्या अफाट देशात विद्यापीठाचे पदवीधर वीसदेखील नव्हते, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. बोट्सवाना तर भूवेष्टित, बराचसा कालाहारी वाळवंटाने व्यापलेला; तरी हिऱ्यांचे उत्पन्न त्याने शाळा आणि रस्त्यांकडे वळवले. पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा यांचे नेतृत्व त्याला कारण झालेच. शिवाय ब्रिटिशांनी या प्रदेशाकडे फारसे लक्षच दिले नव्हते, म्हणून राजालाही भर सभेत जाब विचारण्याची तिथली क्गोत्ला ही परंपरा जिवंत राहिली होती. दुसरा आक्षेप इथिओपियाचा: इटलीचा पाच वर्षांचा ताबा सोडला तर तो पारतंत्र्यात गेला नाही, मग तो गरीब का? उंच पठार, दुष्काळ, सरंजामी जमीनदारी ही कारणे आहेतच. पण इटलीने वेगळी काढलेली एरिट्रिया १९९३ साली स्वतंत्र झाली आणि दहा कोटींहून अधिक लोकांचा हा देश आज समुद्रावाचून आहे. त्याचा बहुतेक व्यापार पूर्वीच्या फ्रेंच वसाहतीतून, जिबुतीतून चालतो. जो वसाहत झाला नाही, त्यालाही वसाहतींनी ओढलेली सीमा भोवली.

वसाहतींनी रेल्वे दिली, हा युक्तिवाद आपल्याकडेही ऐकू येतो. दिलीच, पण ती खाणीपासून बंदरापर्यंत. शेजारच्या देशाकडे जाणारा रूळ क्वचितच पडला, आणि जिथे रूळ भेटले असते तिथे त्यांची रुंदीच वेगळी: कुठे मीटर गेज, कुठे केप गेज. २०१८ साली किगालीत आफ्रिकी देशांनी खंडव्यापी मुक्त व्यापाराचा करार केला तो ही तुटलेली घडी सांधण्यासाठी. त्याच वेळी, काँगोच्या तांब्या-कोबाल्टसाठी अंगोलातल्या लोबितो बंदराकडे जाणारा जुना रेल्वेमार्ग सुधारायला अमेरिका आणि युरोपीय संघ पुढे आले आहेत. जगातल्या खाणींतून निघणारे निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोचे आहे आणि आपल्या हातातल्या फोनच्या बॅटरीत ते असते. त्या मार्गावरच्या शेतकऱ्याचा मका त्या गाडीत चढणार का, कोणत्या भाड्याने चढणार, आणि शेजारच्या देशातल्या बाजारात उतरणार का, हे प्रश्न करार होण्याआधी विचारले गेले पाहिजेत, आणि ते विचारण्याचा पहिला हक्क काँगो, झांबिया आणि अंगोलातल्या माणसांचा आहे.