छाटलेल्या बिड्या आणि साधनेची कसोटी

मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात, तेव्हा भवानी पेठेपासून अवघे सोलापूर रस्त्यावर लोटते. पांढऱ्या बाराबंद्या, ध्वज पेलणाऱ्यांची शिस्त, ६८ लिंगांना होणारा तैलाभिषेक या दर्शनाने कोणाचेही मन भारून जावे. परंतु यात्रा आटोपून बाराबंदी पेटीत गेली, म्हणजे उरलेल्या वर्षात या भक्तीचे काय होते, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

याच शहरात हजारो स्त्रिया घरी बसून बिड्या वळतात. कारखान्यातून तेंदूची पाने व तंबाखू आणायचा, पाने भिजवून कापायची, वळलेल्या बिड्यांचे कट्टे बांधून परत नेऊन द्यायचे, हा त्यांचा नित्यक्रम. मजुरी हजार बिड्यांमागे ठरते. म्हणून तपासणीचा क्षण निर्णायक होय. ज्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला पडतात, त्यांच्यावर खर्ची पडलेल्या तासांचा मोबदला बुडण्याची भीती असते. पानेच मुळात फाटकी मिळाली असतील, तर दोष वळणारणीचा कसा? हा प्रश्न किरकोळ असता, तर १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात कच्चा माल, नाकारलेल्या बिड्या आणि त्यांची मजुरी यांविषयीच्या तंट्यांसाठी खास तरतूद झाली नसती. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली हा कायदा वैध ठरविला. तथापि कायद्याचा हात प्रत्येक तपासणीपर्यंत पोहोचत नाही. तेथे भिस्त राहते ती तपासणाऱ्याच्या विवेकावर.

या संदर्भात सिद्धरामांचीच कथा उद्बोधक आहे. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, ते तलाव व मंदिरे उभारण्यात मग्न असता अल्लमप्रभू तेथे आले. परंपरा सांगते की, अल्लमांनी त्यांचा उल्लेख दगडमाती वाहणारा मजूर असा केला. अनुयायी खवळले, सिद्धरामही क्षुब्ध झाले. एवढे लोकोपयोगी काम करूनही एका शब्दाने मन ढवळून निघते, याची जाणीव त्या प्रसंगाने त्यांना दिली, आणि ते अल्लमांबरोबर कल्याणास गेले. तलाव बांधणाऱ्या सिद्धरामांनाही अंतःकरण तपासावे लागले, तर इतरांची काय कथा!

शरणांनी 'कायक' म्हणून गौरविले ते प्रामाणिक श्रम. श्रम करणारीने हा आदर्श पाळावा आणि श्रम मोजणाऱ्याने त्यातून सुटावे, हे कसे चालेल? निकृष्ट बिडी स्वीकारावी, असे येथे म्हणणे नाही. ती का नाकारली हे दाखवून द्यावे आणि पानांचा दोष हातांच्या माथी मारू नये, एवढेच. याच मापाने कारकुनाने निवृत्त माणसाचा अर्ज नीट वाचावा, शिक्षकाने गठ्ठ्यातील शेवटची उत्तरपत्रिका पहिलीइतक्याच लक्षाने तपासावी.

अशा अवधानावाचून केलेला दानधर्म अपुराच. संक्रांतीला तिळगूळ देताना गोड बोलण्याची विनंती करणाऱ्या समाजाने दुसऱ्या दिवशी मोजणीही चोख करावी. सिद्धरामांच्या नगरीला एवढी साधना जड जाऊ नये.