माठ आधी अख्खा कसा होता?

धुळ्याजवळच्या एका शाळेतली ही जुनी गोष्ट. मी बी.ए. मराठीवाला, पण विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून आठवीचा तास माझ्याकडे आला. त्याच सकाळी व्हरांड्यातला पाण्याचा माठ फुटला होता. मी तोच धागा पकडला. म्हटलं, "माठ फुटतो, पण खापऱ्या आपोआप जुळत नाहीत. पसारा वाढतो, हा निसर्गाचा नियम." मागच्या बाकावरून आवाज आला, "गुर्जी, मंग तो पहिले आख्खा कसा व्हता?" वर्ग हसला. मी म्हटलं, "बस खाली."

आज सत्तरी ओलांडल्यावर कळतंय, प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा मोठा होता.

एकोणिसाव्या शतकात बोल्ट्झमनने सांगितलं की नीट मांडणीचे प्रकार मोजके, पसाऱ्याचे अगणित. डब्यात दोन रंगांचे, पण सारख्याच आकाराचे दाणे थर लावून भरा आणि हलवा. मिसळतील, पुन्हा वेगळे होणार नाहीत. हेच एन्ट्रॉपीचं वाढणं. पण यातून उद्या पसारा का वाढेल एवढंच कळतं. काल तो कमी का होता, हे नाही!

माठ अख्खा होता, कारण कुंभाराने घाम गाळला. त्याला बळ दिलं भाकरीने, भाकरीला सूर्याने. सूर्याकडून आलेल्या एका प्रकाशकणामागे पृथ्वी सुमारे वीस कमी ऊर्जेचे कण अवकाशात परत सोडते. म्हणजे घेतो नीटनेटकं, देतो विस्कटून. आणि सूर्य? विरळ वायू गुरुत्वाकर्षणाने गोळा झाला म्हणून तो पेटला. गोळा व्हायला वाव होता, कारण सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व विलक्षण एकसारखं पसरलेलं होतं. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात तोच न हलवलेला डबा.

अशी सुरुवात निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता रॉजर पेनरोज यांनी मोजली. एकावर इतकी शून्यं, की त्या शून्यांची संख्या लिहायलाच एकावर १२३ शून्यं लागतील, त्यात एक.

आपले जयंत नारळीकर याच वाटेने गेले होते. विहिरीत दगड टाकला की तरंग बाहेर जातात, काठावरून आत येत नाहीत. प्रकाशाच्या लहरींचंही तसंच, खरं तर समीकरणांना दोन्ही चालतं. १९६४ साली हॉयल आणि नारळीकरांनी मांडलं की याची दिशा सगळं विश्व मिळून ठरवतं. त्यांच्या गणितात स्थिर स्थिती विश्वात ती बरोबर येत होती. १९६५ साली विश्वातलं सूक्ष्मलहरींचं प्रारण जाहीर झालं आणि बहुतेकांनी महास्फोट स्वीकारला. नारळीकर मात्र २०२५ साली जाईपर्यंत शंका विचारत राहिले.

त्यांचं विश्वाचं चित्र मला पटलंच पाहिजे असं नाही. पुरावा महास्फोटाकडे झुकतो. पण सुरुवात इतकी नीट का होती, याचं सर्वांना मान्य असं उत्तर महास्फोट मानणाऱ्यांकडेही अजून नाही. आपण नारळीकरांचा फोटो शाळेत लावतो, हार घालतो, आणि शंका विचारणाऱ्या पोराला खाली बसवतो. मीही तेच केलं.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. वेळ उलटी फिरत नाही, हे मी त्याला शिकवलं आणि तेच आता मला भोवतंय. एवढीच विनंती, घरात नातवंडं असला प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तर येत नसलं तर "येत नाही" म्हणा. पण खाली बसवू नका.

असो.