दोन्ही दुर्बिणींचे रिपोर्ट नॉर्मल, मग रक्त जातंय कुठे?

लाखांदूर तालुक्यातल्या माझ्या आत्याचं हिमोग्लोबिन दोन वर्षांत तीनदा सातवर आलं. लोहाच्या गोळ्या घेतल्या की चढायचं, बंद केल्या की पुन्हा खाली. आपल्या भंडाऱ्यात अशा वेळी पहिली शंका सिकलसेलची येते, आणि ते बरोबरच आहे. २०२३ पासून तर त्याचं राष्ट्रीय मिशनच सुरू आहे. आत्याची ती चाचणी निगेटिव्ह आली. मग शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं. तोंडातून दुर्बीण झाली, खालूनही झाली. दोन्ही नॉर्मल. घरचे खूश!

गडबड इथेच होते. वरची दुर्बीण जठराच्या थोडीच पुढे जाते, खालची मोठं आतडं बघते. मधलं काही मीटर लांबीचं लहान आतडं बघायचं राहूनच जातं.

त्यासाठी कॅप्सूल कॅमेरा आहे. इस्रायली इंजिनिअर गॅव्रिएल इदान यांची ही कल्पना. अमेरिकेत २००१ मध्ये मंजुरी मिळाली. साधारण २६ मिलिमीटर लांब, आत कॅमेरा, लाईट, बॅटरी. पाण्यासोबत गिळायची. सेकंदाला दोन फोटो धरले तरी आठ तासांत ५७,६०० होतात. फोटो रेडिओ लहरींनी कमरेच्या रेकॉर्डरमध्ये जातात आणि कॅप्सूल शौचावाटे पडून जाते. (नाही, ती परत वापरत नाहीत.)

इतके फोटो बघणार कोण? इथे एआय कामाला येतं, पण ते फक्त संशयास्पद फोटो वेगळे काढतं. निदान डॉक्टरच करतात.

खरी अडचण वेळेची आहे. आतड्यातलं रक्त थांबतं, पुन्हा सुरू होतं. रक्त दिसत असेल तर शक्यतो ४८ तासांत कॅप्सूल द्यावी, असं तज्ज्ञ सांगतात. आत्याला नागपूरची अपॉइंटमेंट मिळायलाच तीन आठवडे गेले. खरं तर रेकॉर्डरमधला डेटा इंटरनेटवरून पाठवता येतो. कॅप्सूल भंडाऱ्यात गिळायची, फोटो नागपुरात बघायचे, यात तांत्रिक अडथळा मला तरी दिसत नाही. नव्या मॉडेलपेक्षा आधी हे व्हायला हवं.

आत्याच्या फोटोंत काय निघालं? अंकुशकृमी. आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत. बांधीत अनवाणी रोवणी करताना त्यांच्या अळ्या तळपायातून शिरतात. हजारोंची तपासणी, आणि औषध काही रुपयांची अल्बेंडाझोल! शौचाच्या तपासणीत जंतांची अंडी हुकली होती. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला हीच गोळी देतात, पण १ ते १९ वयाच्या मुलांना. रोवणीवाल्या आत्या त्यात येतच नाहीत.

प्रत्येकाचं कारण जंतच असेल असं नाही. वेदनाशामक गोळ्यांनी, टीबीनेही तिथे जखमा होतात. टीबीने आतडं अरुंद झालं असेल तर कॅप्सूल अडकू शकते, म्हणून पोटात कळा येत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.